दोन्ही बाहुल्या सारख्या

रात्री 10 वाजून 5 मिनिटांनी आमच्या अपघात विभागातल्या एका केसपेपरवर ओळ लिहिली गेली: ‘दोन्ही बाहुल्या सारख्या.’ मोजमाप म्हणून ती खरी होती. उजव्या डोळ्याची बाहुली 5 मिलिमीटर, डाव्याचीही 5 मिलिमीटर. पण पेशंट 55 मिनिटांपूर्वी आला तेव्हा त्याच्या बाहुल्या सारख्या नव्हत्या, आणि तेव्हाच त्याची तब्येत जास्त बरी होती. सारख्या झाल्या म्हणजे तो मरणाच्या वाटेला लागला होता. त्या ओळीखाली सही माझी आहे.

तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांसाठी, इंटर्नसाठी आणि विशेषतः सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी हे प्रकरण लिहितो आहे. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ट्रॉली

डिसेंबरचा दुसरा आठवडा, गाळप हंगाम भरात. आमचं गाव बालाघाटच्या रांगेतलं. इथे सीटी स्कॅन नाही, मेंदूचे सर्जन नाहीत, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर घरून येतात. लातूर सव्वा तासावर, आणि रस्त्यावर उसाच्या गाड्या लागल्या तर दीड तासावर. या दिवसांत रात्री येणाऱ्या डोक्याच्या दुखापतींची हकिकत बहुतेक वेळा एकच असते. कडेला पंक्चर होऊन उभी राहिलेली उसाची ट्रॉली, तिच्या मागे ना रिफ्लेक्टर ना दिवा, आणि समोरच्या हेडलाइटने डोळे दिपलेला दुचाकीवाला.

हा माणूस 34 वर्षांचा. घरची शेती, जोडीला गावात पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान. हेल्मेट नव्हतं. सव्वाआठच्या सुमारास तो ट्रॉलीवर मागून आदळला. लोकांनी उचलून बसवलं तेव्हा तो बोलत होता. मोबाइल कुठे पडला म्हणून विचारत होता, पाणी मागत होता. मग उलटी झाली, आणि मग हळूहळू सुस्ती आली. 108 च्या गाडीने 9 वाजून 10 मिनिटांनी आमच्याकडे पोचवलं. गाडीतल्या डॉक्टरांनी मानेला कॉलर लावली होती, ऑक्सिजन चालू केला होता आणि जाताना एक वाक्य सांगितलं: ‘जागेवर बोलत होता.’ डोक्याच्या पेशंटबरोबर एवढं एकच वाक्य आलं तरी मी त्या माणसाचे आभार मानतो. आधी शुद्धीत होता आणि नंतर बुडाला, याचा अर्थ मेंदूला आपटण्याचा मार बसला तेवढ्यावर थांबलेलं नाही, कवटीच्या आत अजून काहीतरी वाढतं आहे.

तोंडाला दारूचा वास होता. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनी सहज निदान केलं, ‘पिऊन पडलंय, सकाळपतुर उतरंल.’ त्यांचा दोष नाही. दहापैकी काही वेळा ते बरोबर निघतात आणि तेवढ्यानेच ही सवय टिकते.

9:15

श्वासमार्ग साफ केला. ऑक्सिजनची पातळी 91 होती, ती मास्कवर 97 झाली. रक्तदाब 138/84, नाडी 88. बोटाच्या थेंबावर साखर 126. बेशुद्ध माणसात साखर पाहणं डोक्याला मार असला तरी चुकवायचं नाही. साखर उतरली म्हणून गाडीवरून पडलेले लोक मी पाहिले आहेत. उजव्या कानशिलावर हाताला लागेल अशी मऊ सूज होती.

आता शुद्ध. 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली मोजपट्टी आपण सगळे वापरतो: डोळ्यांचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6. हाक मारून डोळे उघडेनात. नखाच्या बाजूला पेनाने दाब दिला तेव्हा उघडले, म्हणजे 2. तोंडातून नुसतं कण्हणं, 2. मग मान आणि खांदा यांच्या मधला स्नायू चिमटीत धरून पिळला. उजवा हात वर आला, हासळीच्या हाडाच्या वर, आणि माझी बोटं ढकलू लागला. हे 5. डावा हात कोपरात वाकला, पण छातीच्या खालीच घुटमळला. हे 4.

बेरीज करताना चांगल्या हाताचे गुण धरायचे असतात, म्हणून एकूण 9. पण निदानाला वाईट हात लागतो. ‘9/15’ एवढंच लिहिलं की डावा हात कागदावरून गायब होतो, आणि त्या रात्रीची निम्मी माहिती त्या डाव्या हातात होती. म्हणून मी कायम ‘डोळे 2, बोलणं 2, हालचाल उजवी 5, डावी 4’ असं सुटं लिहायला लावतो. छातीच्या हाडावर मुठीने घासायची जुनी पद्धत आता सोडावी. कातडी सोलवटते, नातेवाइकांना आपण मारतो आहोत असं वाटतं, आणि छातीकडे आलेला हात दुखऱ्या जागी आला की नुसताच वाकला, हेही नीट कळत नाही.

तळपायाला किल्लीने रेघ ओढली. उजवी बोटं खाली वळली, डावा अंगठा वर गेला. बाबिन्स्कीने 1896 साली दाखवलेली ही खूण डोक्याच्या दुखापतीत फार सुरुवातीला काही वेळा फसवते, पण इथे ती हाताशी जुळत होती. डाव्या अंगाची हुकमत कमी झाली होती.

इथेच दारूचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. दारू दोन्ही बाजूंना सारखी चढते. डोळे जड होतील, बोलणं बरळल्यासारखं होईल, हातपाय लुळे पडतील, पण उजवा हात एक करतो आणि डावा दुसरंच करतो, हे दारूचं काम नव्हे. दोन बाजूंत फरक दिसला की वास कितीही येवो, आत काहीतरी घडलं आहे असंच धरायचं.

डावी बाहुली

मग टॉर्च. मोबाइलचा टॉर्च मी वापरू देत नाही. त्याचा उजेड पसरतो, आणि आपल्या लोकांचं बुबुळ इतकं गडद तपकिरी असतं की त्यात बाहुलीची कड हरवते. खोलीतला दिवा मालवून, छोटा पेनटॉर्च बाजूने आत आणायचा, समोरून थेट मारायचा नाही.

उजवी बाहुली 3 मिलिमीटर, उजेड पडताच झटकन आकसली. डावी 5 मिलिमीटर. उजेड टाकला, काढला, पुन्हा टाकला. हलली नाही.

टॉर्च एक असला तरी तो चार उत्तरं देतो, हे मी प्रत्येक इंटर्नला सांगतो. उजेडाची बातमी दुसऱ्या नसेने, म्हणजे ऑप्टिक नर्व्हने, मिडब्रेनपर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागापर्यंत जाते. तिथून हुकूम दोन्ही डोळ्यांना सुटतो, तिसऱ्या नसेवाटे. म्हणून उजव्या डोळ्यात उजेड टाकून उजवी बाहुली पाहायची आणि डावीही पाहायची. मग तेच डाव्या डोळ्यातून. इथे डाव्या डोळ्यात उजेड टाकल्यावर उजवी बाहुली आकसत होती. म्हणजे डाव्या डोळ्याला उजेड कळत होता, बातमी पोचत होती, मिडब्रेन जागा होता. हुकूम फक्त डाव्या बाहुलीला लागू होत नव्हता. कारणं दोनच उरतात: डावी तिसरी नस दबली आहे, किंवा डाव्या बुबुळाचा गोल स्नायूच निकामी आहे.

तिसरी नस दबणं म्हणजे काय, हे थोडं थांबून सांगायला हवं. कवटी बंद डबा आहे. एका बाजूला रक्त साचलं की त्या बाजूच्या मेंदूची आतली कड मधल्या पडद्याच्या खिंडीतून खाली सरकते, आणि खिंडीत पहिली सापडते ती तिसरी नस. बाहुली लहान करणारे तंतू या नसेच्या अगदी बाहेरच्या थरात असतात, त्यामुळे दाबाचा पहिला फटका त्यांना बसतो. म्हणून रक्तस्राव ज्या बाजूचा, त्या बाजूची बाहुली मोठी होते, आणि हातपाय मात्र विरुद्ध बाजूचे लुळे पडतात.

आमच्या पेशंटमध्ये हे बसत नव्हतं. मोठी बाहुली डावी, लुळा हातही डावा, आणि सूज उजव्या कानशिलावर. याचंही एक उत्तर ग्रंथांत आहे. डावीकडचं रक्त मेंदूला इतकं ढकलतं की त्याचा देठ उजवीकडच्या पडद्याच्या धारेवर दाबला जातो, आणि मग लुळेपणा रक्ताच्याच बाजूला दिसतो. याला केर्नोहानची खाच म्हणतात. दोन खुणा भांडू लागल्या तर बाहुलीवर विश्वास ठेवा, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी तो ठेवायच्या बेतात होतो. अडत होतं एवढंच की खिंडीत नस चिरडून बाहुली पूर्ण थिजलेला माणूस माझी बोटं ढकलत नाही. दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, सलाइनचा एकेक थेंब सोडला तर दोन्ही पापण्या जोरात मिटत होत्या. बाकीचा मेंदू त्या एका बाहुलीपेक्षा खूपच शाबूत दिसत होता. शिवाय डाव्या बाहुलीची कड नीट गोल नव्हती. खालच्या अंगाला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, एक बारीक खाच होती.

साडेनऊला थोरला भाऊ आला. अंगावर दुकानातला ग्रीसचा शर्ट, चपला हातात. मी त्याला आधी बसवलं, मग विचारलं, ‘ह्यांच्या डाव्या डोळ्याला आधी कधी काही झालेलं होतं का?’

तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘हाव की ओ साहेब. इटीदांडू खेळताना इटी लागल्ती. दुसरीत का तिसरीत असंल. माय तवा बीडला घेऊन गेल्ती त्याला. दिसतंय चांगलं, पर ते बुबुळ तवापासून असंच मोठं हाय.’

‘फोटो आहे का एखादा, जवळून काढलेला?’

त्याने मोबाइल काढला. धाकट्या बहिणीच्या लग्नातला फोटो, हळदीच्या मांडवात, भर उन्हात. बोटांनी मोठा केला. उजवी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, डावी ज्वारीच्या दाण्याएवढी.

एवढ्या एका फोटोने सगळं जुळलं. डावी बाहुली आजच्या अपघाताची नव्हती. विटीच्या माराने तिचा गोल स्नायू पंचवीस वर्षांपूर्वीच फाटला होता. म्हणजे आजचा पुरावा फक्त डावा हात, डावा अंगठा आणि उजवी सूज एवढाच, आणि तो सगळा उजवीकडे बोट दाखवत होता.

आमच्या भागात बाहुली फसवते ती आणखी एका कारणाने. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि त्याला उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलं की त्याच बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला हलेनाशा होतात. शेतातून आणलेला, डोक्याला मार असलेला, आणि वाटेत कुणीतरी अ‍ॅट्रोपिन टोचलेला माणूस समोर आला तर बाहुली वाचण्याआधी ते इंजेक्शन शोधावं लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले म्हातारे, डोळ्यात थेंब टाकणारे लोक, बसस्टँडवर पडलेले अनोळखी, या सगळ्यांत हा धोका आहे. बरोबर कुणी नसेल तर खिशातल्या ओळखपत्राचा फोटो पाहा. त्यात बाहुली बहुधा दिसत नाही, पण पापणी लोंबती आहे का, डोळा तिरपा आहे का, हे कधीकधी कळतं.

चूक

लातूरला फोन झाला. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडचा 1 ग्रॅम दहा मिनिटांत दिला; रक्तस्राव आवरणारं, दुखापतीपासून तीन तासांच्या आत देण्याचं हे औषध. ज्या 108 च्या गाडीने तो आला होता ती तोपर्यंत दुसऱ्या कॉलवर गेली होती. दुसरी यायला चाळीस मिनिटं लागणार होती.

बाहुलीची हकिकत मी ड्युटीवरच्या सगळ्यांना तोंडी सांगितली. सरकारी सेवेच्या बाँडवर आलेली तरुण डॉक्टर मॅडम तेव्हा वॉर्डात होती. तिला सांगायचं राहिलं. आणि केसपेपरवर बाहुल्यांच्या रकान्यात मी लिहिलं ते इतकंच: ‘उजवी 3 आकसते, डावी 5 नाही.’ जुनं आहे हे लिहिलं नाही. जे माझ्या डोक्यात इतकं पक्कं झालं होतं ते कागदावर आलंच नाही.

पावणेदहाला लेबर रूममधून हाक आली, बाळंतिणीला रक्तस्राव होत होता, मी तिकडे गेलो. दहाच्या आसपास पेशंटची तडफड थांबली. तोवर तो हात झाडत होता, मास्क ओढत होता. भावाला बरं वाटलं. मॅडम वॉर्डातून आली, टॉर्च घेतला, दोन्ही बाहुल्या पाहिल्या आणि मनापासून लिहिलं: ‘दोन्ही बाहुल्या सारख्या, पेशंट शांत.’ आधीच्या नोंदीत एक मोठी, एक लहान, आता सारख्या. कुणालाही सुधारणा वाटेल. मी परत येताना दारातच कागद पुढे आला, आकडे पाहिले आणि सही केली. लेबर रूमचं रक्त अजून हातमोज्यांवर होतं हे खरं, पण ते कारण मी त्या सहीला जोडत नाही.

ड्रेसिंगची ट्रॉली आवरत असलेल्या सिस्टर थांबल्या. पहिल्या तपासणीच्या वेळी पेशंटचं डोकं त्यांनीच धरलं होतं. त्या म्हणाल्या, ‘सर, मघा उजवी बारीक होती ना? मी बघितली होती. मग आता सारख्या कशा होतील?’

डावी तर लहान होऊच शकत नव्हती. म्हणजे उजवी मोठी झाली होती.

10:12

घोरल्यासारखा श्वास, मध्येच थांबणारा. नाडी 56. रक्तदाब 172/96. हार्वी कुशिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलेली ही जोडी, चढता दाब आणि मंद नाडी, फार उशिरा येते. तिची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. भाऊ म्हणाला, ‘मघा कण्हायलता, आता निस्ता घोरायलाय.’ मी मनात म्हटलं, हीच तर नोंद आपण करायला हवी होती. तडफडणारा पेशंट अचानक शांत होतो तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाने उठून उभं राहावं.

श्वासनलिकेत नळी घालायची हे ठरलं होतं आणि भूलतज्ज्ञ आले होते. औषध देण्याआधी मी एक मिनिट मागितलं. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध एकदा गेलं की हात, पाय, पापणी, खोकला सगळं गप्प होतं. बाहुलीचा स्नायू वेगळ्या जातीचा, तो त्या औषधाला बधत नाही. पुढचे तास तीच एकटी बोलत राहते. बाकीच्यांचं जे विचारायचं ते आधी विचारून घ्यावं लागतं.

ते एक मिनिट असं गेलं. दाब दिला; डोळे उघडले नाहीत, 1. आवाज नाही, 1. भुवईच्या आतल्या टोकाच्या खोबणीत अंगठा दाबला. उजवा हात वाकला, पण बोटांपर्यंत पोचला नाही, 4. डावा कोपरात ताठ झाला, मनगट आत वळलं, 2. एकूण 6, तासाभरापूर्वीच्या 9 वरून. उजवी बाहुली 5, उजेडाला हलत नाही. आणि आता डाव्या डोळ्यात उजेड टाकला तरी उजवी हलत नाही. 9:15 ला ती हलत होती. उजवी तिसरी नस गेली होती, किंवा जात होती.

कॉर्नियावर थेंब: दोन्ही पापण्या मिटल्या. यात पाचवी नस बातमी नेते, सातवी नस पापणी मिटते, आणि दोन्हींचा कारभार पॉन्समध्ये, म्हणजे देठाच्या मधल्या भागात चालतो. म्हणजे पॉन्स अजून धरून होता. नळी घातल्यावर कफ ओढणारी सक्शनची कॅथेटर खाली उतरली तेव्हा, औषधाचा अंमल पूर्ण बसायच्या आतच, एक खोकला आला. देठाचा खालचा भाग, मेड्युला, तोही जागा होता. घशात चमचा घालून ओकारी मुद्दाम काढली नाही. उलटी फुप्फुसात जाते आणि डोक्यातला दाब वाढतो. सक्शनच्या वेळी आलेला खोकला तेवढीच माहिती फुकट देतो.

बेशुद्ध माणसाच्या प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे मेंदूच्या देठाच्या पायऱ्या आहेत. बाहुली वरची पायरी, कॉर्निया मधली, खोकला आणि श्वास खालची. पाणी वरून खाली येतं आहे अशी कल्पना करा: वरची पायरी बुडाली, मधली दिसते आहे, म्हणजे अजून वेळ आहे, पण मिनिटांचा. 9:15 ला वरची पायरीही कोरडी होती. दोन्ही नोंदी वेळेसह समोर ठेवल्या तरच पाणी किती वेगाने खाली येतं हे समजतं.

डोकं डावी-उजवीकडे फिरवून डोळे मागे राहतात का, ही तपासणी मी केली नाही आणि कुणी करू नये, जोवर मानेचं हाड शाबूत असल्याची खात्री नाही. इंग्रजीत तिला ‘डॉल्स आय’, म्हणजे बाहुलीचा डोळा, म्हणतात आणि मराठीत शिकवताना घोळ होतो, कारण आपल्याकडे बाहुली म्हणजे खेळण्यातलीही आणि डोळ्यातलीही. लॅटिनमध्येही डोळ्यातल्या बाहुलीचं नाव छोट्या बाहुलीवरूनच आलं आहे. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलं रूप दिसतं म्हणून. शिकवताना मी आता ‘मान फिरवून करायची तपासणी’ एवढंच म्हणतो. कानात थंड पाणी सोडून करायची तपासणीही इथे नव्हे. ती अतिदक्षता विभागात, कानाचा पडदा पाहून, डोकं 30 अंश उचलून करायची असते.

डोक्यातला दाब उतरवणारं मॅनिटॉल, 20 टक्क्यांचं. वजन अंदाजे 60 किलो, किलोला 1 ग्रॅम, म्हणजे 300 मिलिलिटर, वीस मिनिटांत. पहिल्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले. थंडीत मॅनिटॉल थिजतं, तेव्हा बाटली उजेडात धरून पाहिल्याशिवाय लावायची नाही. दुसरी साफ निघाली. लघवीची नळी, पलंगाचं डोकं 30 अंश वर, मान सरळ, कॉलर थोडी सैल, म्हणजे गळ्याच्या शिरा दबत नाहीत. नळीतून श्वास देणारा फुगा मिनिटाला साधारण 20 वेळा दाबायला सांगितला, तात्पुरता, ऑपरेशनपर्यंत वेळ काढण्यापुरता. कपाटातून कुणीतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन काढून ठेवलं होतं. ते परत ठेवायला लावलं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 10,008 पेशंटांच्या क्रॅश अभ्यासात डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले, कमी नाही. वीस वर्षं होऊन गेली तरी ती सवय काही ठिकाणी अजून टिकून आहे.

10:35. उजवी बाहुली 4 मिलिमीटर. उजेड टाकला, अगदी आळसावून, पण हलली. सिस्टरांनी माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः वेळ लिहिली.

फोन

लातूरला दुसरा फोन केला. पलीकडच्या तरुण डॉक्टरांचा पहिला प्रश्न: ‘प्युपिल इक्वल आहेत का?’ सरळ उत्तर द्यायचं तर ‘हो’ म्हणावं लागलं असतं. 10:12 ला त्या अगदी सारख्या होत्या. आमच्याकडे केसपेपरवर ‘बायलॅटरल एनएसआरएल’ अशी चार इंग्रजी अक्षरं ठोकायची रीत आहे, नॉर्मल आकार, उजेडाला आकसतात. त्या अक्षरांत या माणसाला जागाच नव्हती.

मी सांगितलं: ‘9:15 ला उजवी 3, झटकन आकसत होती. 10:12 ला 5, हलत नाही. मॅनिटॉलनंतर 10:35 ला 4, मंद. डावी लहानपणापासून 5, मोजू नका. डावा हात सव्वानऊला वाकत होता, आता ताठ होतोय. जागेवर बोलत होता.’

पलीकडे थोडी शांतता. मग ते म्हणाले, ‘थिएटरला सांगून ठेवतो.’

गाडीत मॅडम स्वतः गेली, बरोबर ब्रदर. दर पंधरा मिनिटांनी बाहुली आणि नाडी. रस्ता मोकळा नव्हता, 11 वाजून 55 मिनिटांनी पोचले. सीटीमध्ये उजव्या कानशिलाचं हाड तडकलेलं, आणि हाड व मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये भिंगाच्या आकाराचं रक्त. मेंदू मधल्या रेषेपासून 9 मिलिमीटर डावीकडे ढकललेला. पाऊण वाजता कवटी उघडली. आवरणावरची धमनी फाटलेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमला मी माझी चूक काय आणि तिची काय हे वेगळं करून सांगितलं. तिने पाहिलं ते बरोबर लिहिलं होतं. तुलना करायला जे हवं ते मी लिहून ठेवलं नव्हतं. आता आमच्या अपघात विभागात बाहुल्यांच्या रकान्यात ‘सारख्या’ हा शब्द चालत नाही. प्रत्येक बाहुलीसाठी आकडा, हालचाल, वेळ, आणि आधीचं काही असेल तर लाल शाईने. बाहुलीची तुलना शेजारच्या बाहुलीशी नंतर. आधी तिच्या स्वतःच्या पंधरा मिनिटांपूर्वीच्या रूपाशी.

चौथ्या दिवशी त्याची नळी निघाली. सोळाव्या दिवशी घरी गेला. तीन महिन्यांनी भावाबरोबर आमच्याकडे आला तेव्हा चालत आला. डाव्या हाताची पकड थोडी कमी, बारीक तार गुंडाळताना सुटते, म्हणून रिवाइंडिंगचं काम सध्या भाऊच बघतो. नावं विसरतो, चटकन चिडतो. हे सांगताना त्याची बायको दाराकडे बघत होती. ही चिडचिड दुखापतीची आहे, माणसाची नाही, हे मी दोघांना सावकाश समजावलं आणि पुन्हा यायला सांगितलं.

टॉर्च घेतला. उजवी 3, झटकन. डावी 5.

मग केसपेपरच्या मागे एक चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या खेपेला आले तेव्हा बायकोने ती लॅमिनेट करून त्याच्या पाकिटात, लायसन्सच्या मागे ठेवलेली होती: ‘माझी डावी बाहुली लहानपणापासून मोठी आहे आणि उजेडाला हलत नाही. उजवी पाहावी.’